कातळभिंतीखाली सहा रात्री: किर्गिझस्तानातलं कारावशिन खोरं

कातळवाट | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

जुलैच्या शेवटी आम्ही चौघी (नाशिकच्या तिघी, पुण्याची एक, वयं ४६ ते ५८) किर्गिझस्तानच्या नैऋत्य टोकाला, बातकेन प्रांतातल्या कारावशिन खोऱ्यात जाऊन आलो. मराठीत या भागाबद्दल मला जवळपास काहीच वाचायला मिळालं नव्हतं. म्हणून हा धागा. प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देईन.

आधी जागा कुठे ते सांगते. पामीर-अलाय पर्वतांची तुर्कस्तान नावाची एक रांग आहे. तिच्या उत्तर उतारावर आक-सू आणि कारा-सू अशा दोन नद्या समांतर वाहत येतात. आक-सू म्हणजे पांढरं पाणी, कारा-सू म्हणजे काळं पाणी. आम्ही होतो त्या दिवसांत मात्र दोन्ही ताकासारख्या पांढुरक्याच होत्या, हिमनदीचं पीठ (तिने दळलेल्या दगडाची बारीक पूड) घेऊन आलेल्या. दोघींचा संगम झाला की पुढे नाव पडतं कारावशिन. या दोन नद्यांच्या दोन्ही काठांनी ग्रॅनाइटच्या भिंती उभ्या आहेत. कारा-सूच्या बाजूला आसान (४,२३० मी.), उसेन (४,३७८ मी.), पिवळी भिंत आणि खोऱ्याच्या माथ्याकडे शिखर ४८१०. उंची हेच त्या शिखराचं नाव. आक-सूच्या बाजूला स्लेसोव्ह शिखर (४,२४० मी.), ज्याला गिर्यारोहक रशियन मनोरा म्हणतात.

आसान-उसेन ही नावं ऐकून मी आमच्या घोडेवाल्याला अर्थ विचारला. जुळी मुलं झाली की इकडे हीच नावं ठेवतात, म्हणाला. म्हणजे आपले हसन-हुसेन. शेजारी शेजारी उभी दोन शिखरं, एकाच दगडातून कापल्यासारखी. पाहिल्यावर दुसरं नाव सुचणारच नाही.

आम्ही बातकेनहून जीपने उझगुरुश गावापर्यंत गेलो. तिथून सामान घोड्या-गाढवांवर आणि आम्ही पायी. पूर्वी गिर्यारोहक खालून, वोरुख गावाकडून नदीकाठाने सरळ वर येत. वोरुख हा ताजिकिस्तानचा तुकडा चहूबाजूंनी किर्गिझ जमिनीत आहे. सीमेवरच्या भांडणांमुळे ती वाट बंद पडली, म्हणून आता खिंडी ओलांडून आडव्या बाजूने शिरावं लागतं. पहिले दोन दिवस त्यातच गेले. वाटेत आर्चाची झाडं. आर्चा म्हणजे इकडचा जुनिपर. खोड पिळून वाळत घातलेल्या धोतरासारखं, आणि वास असा की तंबूत, केसांत, भाकरीच्या फडक्यात, सगळीकडे तोच.

तिसऱ्या दिवशी दुपारी कारा-सूच्या खोऱ्यात वळलो आणि आमच्यातली एकही बाई बोलेना. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पालथं पडून खाली बघताना पोटात जो गोळा येतो तो मी तीस वर्षं ओळखते. इथे तोच गोळा वर बघताना आला. मान मागे टाकली, टोपी पडली, तरी भिंत संपली नाही.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं जे सांगायचंय ते हे: आम्ही तिथेच राहिलो. मूळ बेत पुढच्या खिंडी ओलांडून पलीकडच्या काट्रान गावाला उतरायचा होता. पहिल्या संध्याकाळी चौघींनी मिळून तो रद्द केला. सहा रात्री कारा-सू आणि आक-सू एवढंच. सकाळी उन्हाची कड भिंतीच्या माथ्यावर उमटायची आणि इंचाइंचाने खाली सरकायची. आमच्या तंबूपर्यंत यायला तिला दहा वाजायचे. तोवर गोठलेला मोजा दगडावर ठेवून आम्ही चहा घेत बसायचो. दुपारी वरच्या बर्फाचं पाणी भिंतीवर काळे ओघळ काढायचं, रात्री ते गोठून दिसेनासे व्हायचे. मुक्कामाच्या तिसऱ्या दिवसापासून आम्हाला भिंत वाचता यायला लागली. कुठला पट्टा किती वाजता भिजतो, दगड कुठून सुटतात, गिधाडं कुठल्या कपारीतून बाहेर पडतात. एका रात्रीत तळ हलवला असता तर यातलं काहीच दिसलं नसतं.

फोटो लवकरच टाकते.

घाटवाट | शनिवार, रात्री १०.१५

ताई, फार सुंदर. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

पण खिंडी सोडल्या याची हळहळ वाटली. मी २०१९ मध्ये उझगुरुश ते काट्रान पूर्ण केला होता. आक-तुबेक खिंड ४,००० मीटरच्या वर आहे, मोकळ्या दगडांची भयंकर चढण. पण पलीकडे लायलाक भागातलं दुसरं आक-सू खोरं लागतं (नाव तेच, नदी वेगळी) आणि तिथली आक-सू शिखराची उत्तर भिंत दीड हजार मीटरहून जास्त उंच. बर्फ आणि कातळ एकत्र. एवढ्या लांब गेल्यावर ते न बघता परत फिरायचं?

कातळवाट | शनिवार, रात्री १०.५२

घाटवाट, तुम्ही ते केलंत याचा मला मनापासून आदर आहे. पण दहा दिवसांत पाच खिंडी करणारे दोन गट आम्हाला भेटले. संध्याकाळी सहाला यायचे, सकाळी सहाला निघायचे. त्यांना भिंती फक्त सावलीत दिसल्या. ज्यांना चालण्यासाठी चालायचंय त्यांनी जरूर खिंडी कराव्यात. कातळासाठी जाणाऱ्याने मुक्काम करावा, असं माझं ठाम मत आहे.

सोनकी | रविवार, सकाळी ७.३०

ताई, खूप आवडलं. एक मनातली भीती विचारते. ही तीच जागा ना, जिथे अमेरिकन गिर्यारोहकांना पळवून नेलं होतं? घरी हे नाव काढलं तर आई पासपोर्ट लपवून ठेवेल.

खिळा_आणि_दोर | रविवार, सकाळी ८.०५

हो, तीच जागा. ऑगस्ट २०००. टॉमी कॉल्डवेल, बेथ रॉडेन, जेसन स्मिथ आणि जॉन डिकी हे चौघे कारा-सूच्या पिवळ्या भिंतीवर चढत होते. रात्री भिंतीला टांगलेल्या झोळीत झोपले असताना पहाटे खालून गोळ्या आल्या. इस्लामिक मूव्हमेंट ऑफ उझबेकिस्तान या सशस्त्र संघटनेचे बंदूकधारी होते. त्यांनी पकडलेल्या एका किर्गिझ सैनिकाला मारलं. चौघांना सहा दिवस दिवसा लपवून, रात्री चालवत ठेवलं. शेवटी एकच पहारेकरी उरला असताना कॉल्डवेलने त्याला कड्यावरून ढकललं आणि चौघे पळत सैन्याच्या चौकीवर पोचले. तो माणूस वाचला होता हे बऱ्याच काळानंतर कळलं. तोवर कॉल्डवेल आपल्या हातून खून झाला असंच धरून जगत होता.

त्याच्या आदल्या वर्षी, १९९९ मध्ये, याच संघटनेने बातकेन भागात चार जपानी भूगर्भतज्ज्ञांना ओलीस धरलं होतं. त्याच वर्षी बातकेन हा वेगळा प्रांत केला गेला. २००१ च्या शेवटी अफगाणिस्तानात ती संघटना मोडली. म्हणजे ती विशिष्ट भीती आता पाव शतक जुनी झाली.

कातळवाट | रविवार, सकाळी ९.२०

खिळा_आणि_दोर यांनी नेमकं सांगितलंय. सोनकी, आईला हे सगळं खरं खरं सांग, लपवू नकोस. त्यासोबत अलीकडचंही सांग, कारण माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं आहे.

आम्ही ज्या पाण्यात भांडी घासली ते कारावशिनमधून खाली वोरुखला जातं, तिथून पुढे इस्फारा नदी म्हणून वाहतं. खाली पाऊस जेमतेम. जर्दाळूच्या बागा, मका, भाजी, सगळं याच पाण्यावर. नदीवर सोव्हिएत काळातलं एक पाणी वळवण्याचं ठाणं आहे, गोलोव्नोय नावाचं. तिथून एक फाटा किर्गिझस्तानातल्या तोर्तगुल जलाशयाकडे जातो. एप्रिल २०२१ मध्ये याच ठाण्यावरून किर्गिझ आणि ताजिक गावकऱ्यांत दगडफेक सुरू झाली आणि दोन दिवसांत सैन्य उतरलं. पन्नासहून जास्त माणसं गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याहून मोठा संघर्ष झाला, एक लाखाहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. बातकेनमध्ये आम्ही ज्या घरी उतरलो तिथल्या काकूंनी अंगणातली भिंत दाखवली. खालचा भाग जुना, वरचा नवा. एवढंच दाखवलं, पुढे बोलल्या नाहीत.

१३ मार्च २०२५ ला बिश्केकमध्ये दोन्ही देशांच्या अध्यक्षांनी सीमेचा करार केला. रस्ते आणि पाण्याचे करारही त्याच वेळी झाले. बंद असलेल्या दोन सीमाचौक्या उघडल्या. आम्ही गेलो तो त्यानंतरचा पहिला उन्हाळा. घोडेवाला म्हणाला, चार वर्षांनी यंदा पहिल्यांदा मी वर येताना मागे वळून पाहिलं नाही.

भूगर्भ | रविवार, दुपारी १२.१०

दगडाबद्दल थोडी भर घालतो.

सह्याद्रीचा कडा आणि हा कडा यांत मुळातच फरक आहे. आपला बेसाल्ट म्हणजे लाव्ह्याचे थर, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक सांडलेले. म्हणून आपल्या कड्यांना आडव्या पायऱ्या दिसतात. दोन थरांमधल्या मऊ पट्टीत गवत उगवतं. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात, खोलवर, सावकाश थंड झालेला. त्याला थर नसतात. वरचं ओझं झिजून गेलं की तो आतून सैल होतो आणि त्याला लांबलचक उभ्या भेगा पडतात. मग हिमनद्या येतात, दरी तळापासून खरवडतात, कडेचा सैल दगड नेतात आणि उरते ती गुळगुळीत उभी भिंत. कातळवाट यांनी काळे ओघळ लिहिलेत, ते नीट पाहिलेत तर बहुतेक अशाच भेगांच्या रेषेत असतील.

खिळा_आणि_दोर | रविवार, दुपारी १२.४५

अगदी. आणि चढणाऱ्याला हवी असते तीच भेग. बोटं अडकतील, मूठ अडकेल, पाऊल अडकेल अशी शेकडो मीटर सलग. रशियन मनोऱ्यावर पेरेस्त्रोइका नावाची एक भेग आहे, जगभरचे चढणारे तिच्यासाठी इथवर येतात. आपल्याकडे ड्यूक्स नोजवर किंवा तैलबैलावर शिकलेल्या माणसाला हा दगड सुरुवातीला परका वाटतो. आपल्याला पकडायची सवय, इथे अडकवावं लागतं. १९८० च्या दशकात सोव्हिएत गिर्यारोहकांनी या भिंतींवर कसून काम केलं आणि मग बाहेरचे यायला लागले. मला एकदा तरी तिथे खालच्या चार दोर-लांब्या (एकेका दोराच्या लांबीचे टप्पे) चढायच्या आहेत. माथा नाही मिळाला तरी चालेल.

जुनी_पानं | रविवार, दुपारी ४.३०

वोरुख हे नाव वाचून थबकलो. बाबराने आत्मचरित्रात इस्फाऱ्याचे चार डोंगरी भाग सांगितलेत: इस्फारा, वोरुख, सोख आणि हुशियार. तिथले लोक फारसी बोलतात असंही लिहिलंय. राज्य गेल्यावर तो याच सोख-हुशियारच्या डोंगरांत जवळपास वर्षभर लपून, हाल काढत राहिला आणि १५०४ मध्ये तिथूनच खुरासानला जायला निघाला, पण पोचला काबूलला. पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे.

विशेष हे की वोरुख आणि सोख ही दोन्ही ठिकाणं आज किर्गिझ जमिनीने वेढलेली बेटं आहेत, एक ताजिकिस्तानचं, दुसरं उझबेकिस्तानचं, आणि दोन्हीकडे आजही ताजिक, म्हणजे फारसीचीच बोली, बोलतात. पाचशे वर्षांपूर्वीची भाषेची रेघ तशीच राहिली, तिच्यावरून देशांच्या सीमा मात्र कशाही वळल्या.

कातळवाट | रविवार, सायंकाळी ६.००

जुनी_पानं, अंगावर काटा आला. ओश शहराहून बातकेनला येताना आमची गाडी सोखला वळसा घालून आली. ड्रायव्हरने डावीकडे हिरव्या झाडांची रांग दाखवली आणि म्हणाला, ते उझबेकिस्तान, पण तिथे राहतात ताजिक.

भाषेचंच निघालंय तर सांगते. घोडेवाल्याच्या बायकोने सुतळी कापायला मागितली ती ‘कायची’. मी म्हटलं, आमच्याकडे कैची. मग आमचा खेळच सुरू झाला. किताब, बाजार, मैदान, चकमक. चकमकीला तिने ‘चाकमाक’ म्हटलं तेव्हा दोघी हसत सुटलो. रशियन येत नव्हतं, किर्गिझ येत नव्हतं, तरी तासभर गप्पा झाल्या.

ओशची_विद्यार्थिनी | रविवार, रात्री ८.२०

मी मूळची लातूरची, ओशमध्ये एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला आहे. इथे महाराष्ट्रातली पुष्कळ मुलं-मुली शिकतात. ताई, तुमचा धागा होस्टेलमध्ये सगळ्यांनी वाचला. चार वर्षांत आम्ही सुलेमान-तू डोंगराच्या पलीकडे काही पाहिलेलं नाही. बातकेनचं नाव काढलं की सिनियर म्हणायचे, तिकडे जायचं नाही.

दोन प्रश्न. परवानगी कशी काढायची? आणि जेवणाचं काय? आमच्यातल्या तिघी शाकाहारी आहेत.

कातळवाट | रविवार, रात्री ९.३५

बाळा, तू तर दाराशीच राहतेस!

परवानगी: हा सीमाभाग आहे, परदेशी माणसाला सीमापट्ट्याचा वेगळा परवाना लागतो. व्हिसा असला तरी तो लागतोच. आम्ही स्थानिक संस्थेमार्फत दीड महिना आधी अर्ज केला होता. वाटेत सैनिकांनी दोन ठिकाणी कागद तपासले. पासपोर्टवरचं नाव आणि परवान्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळायला हवं. आमच्यातल्या एकीच्या नावात एक अक्षर जास्त पडलं होतं, तर तीन तास चौकीबाहेर बसावं लागलं. सैनिक वयाने आमच्या मुलांएवढे. त्यांनीच चहा दिला.

जेवण: मेंढपाळांच्या तळावर (त्याला ‘कोश’ म्हणतात) नान, साय, दही आणि कुरुत मिळतं. कुरुत म्हणजे दह्याच्या खारट, वाळवलेल्या गोळ्या, दगडासारख्या कडक. बाकी सगळं मांसाचं. आम्ही घरून थालिपीठाची भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा, शेंगदाण्याची चटणी आणि सुकं आमसूल नेलं होतं. भाजणी सायीत भिजवून तव्यावर लावली, ती घोडेवाल्याच्या दोन्ही मुलांनी मागून मागून खाल्ली.

शेगडीचा गॅसचा डबा विमानात चालत नाही, तो तिकडेच घ्या. हे भारतातून येणाऱ्यांसाठी.

घाटवाट | रविवार, रात्री १०.०५

भारतातून येणाऱ्यांसाठी आणखी एक, फार महत्त्वाचं. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र किंवा उपग्रह फोन इथून घेऊन निघू नका. आपल्याकडे परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे, विमानतळावर लोकांना अटक झालेली आहे. तिकडच्या संस्थेकडून भाड्याने घ्या आणि तिथेच परत करा. पण घ्याच. खोऱ्यात फोन लागत नाही.

सोनकी | सोमवार, सकाळी ७.१०

धोक्याचा असा एखादा क्षण आला का? म्हणजे भीती वाटली असा?

कातळवाट | सोमवार, दुपारी १.१५

आला. तो मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवा होता.

पाचव्या दिवशी आम्ही कारा-सूचा एक ओढा ओलांडून वरच्या मोरेनवर (हिमनदीने आणून टाकलेल्या दगडांच्या ढिगावर) गेलो. सकाळी आठला पाणी गुडघ्याखाली होतं. वर रमलो आणि परतायला तीन वाजले. तोच ओढा मांडीपर्यंत आला होता आणि तळातून दगड गडगडत असल्याचा आवाज येत होता. ऊन चढलं की बर्फ वितळतं आणि हिमनदीचं पाणी दुपारनंतर वाढतं, हे आम्हाला पाठ होतं. पाठ असून चुकलो, कारण समोरून नजर हलत नव्हती. आमच्यातल्या सर्वांत अनुभवी मैत्रिणीने ठरवलं, आज ओलांडायचं नाही. एक जाकीट जादा, दोन मुठी शेंगदाणे, एक मेणकापड. चौघी एका मोठ्या धोंड्याच्या आडोशाला रात्रभर एकमेकींना चिकटून बसलो. पलीकडून घोडेवाल्याने आर्चाच्या काटक्यांची शेकोटी पेटवली आणि रात्रभर विझू दिली नाही. ऊब आमच्यापर्यंत येणं शक्यच नव्हतं. उजेड दिसत राहावा म्हणून पेटवली होती.

पहाटे चारनंतर तो आवाज बंद झाला. साडेसहाला पाणी पुन्हा गुडघ्याखाली.

मंडळी, ओढा सकाळी नऊच्या आत ओलांडा आणि परतही त्याच हिशेबाने या. नाहीतर पलीकडे मुक्कामाची तयारी ठेवूनच जा. खोऱ्यात हेलिकॉप्टर मागवता येईल या भरवशावर कुणीही काही करू नये.

भूगर्भ | सोमवार, दुपारी २.००

योग्य निर्णय. तुमच्या मैत्रिणीला नमस्कार सांगा. अशा ओढ्यात पाण्यापेक्षा तळाचे धोंडे घात करतात. पाय एकदा अडकला की सुटत नाही.

ओशची_विद्यार्थिनी | सोमवार, रात्री ९.५०

आम्ही सहा जणींनी पुढच्या जूनमध्ये जायचं ठरवलंय. परीक्षा १० तारखेच्या आसपास संपतात. घोडेवाल्याशी बोलायला आमच्यातल्या दोघींना किर्गिझ येतं आता, बाजारापुरतं. ताई, त्यांना काही निरोप द्यायचाय का?

कातळवाट | सोमवार, रात्री १०.३०

जूनमध्ये खिंडींवर बर्फ असतो, तेवढं त्यांना आधी विचारून घ्या. खाली बातकेनला मात्र तेव्हा जर्दाळू पिकायला लागलेले असतात, ते आमचे चुकले.

निरोप आहे. त्यांच्या बायकोला सांग, तिने बांधून दिलेले सुके जर्दाळू आम्ही नाशिकला घरोघरी वाटले. आणि भाजणी मी तुझ्या ओशच्या पत्त्यावर पाठवते आहे, दोन किलो. एक तुम्हा मुलींना, एक त्यांच्या घरी. सायीत भिजवायची, पाण्यात नाही, हे तिला ठाऊक आहे.